पैसा मंडळाकडे, माणसे संघटनेकडे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन जवळ आला की वृत्तपत्रांत 'माजी सैनिक संघटना', 'सैनिक बोर्ड', 'लीग', 'मेस्को' (महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ) ही नावे एकमेकांच्या जागी बिनदिक्कत छापली जातात. शहरातल्या वाचकाचे त्यात काही अडत नाही. पण भोर, पुरंदर किंवा जुन्नरहून दोन एसट्या बदलून पुण्याला येणाऱ्या माजी सैनिकाच्या पत्नीचे नक्की अडते, कारण ती चुकीच्या दारात जाऊन उभी राहते. तिथे तिला चहा मिळतो, वर्गणीची पावती मिळते, काम मात्र होत नाही. पुढच्या खेपेला भाड्याचे पैसे जमेपर्यंत महिना जातो आणि अर्जाची मुदत त्याच महिन्यात संपते. म्हणून ही दारे कोणती, ती कशी तयार झाली आणि त्यांत राष्ट्रीय संघटनेचे काम नेमके कोणते, हे थोडे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, पण त्यातली कलमेच तशी आहेत.

सुरुवात पहिल्या महायुद्धाने झाली. त्या युद्धात सुमारे १३ लाख हिंदी माणसे गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. साताऱ्याजवळच्या एका अपशिंगे गावातले ४६ जण कामी आले. गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात ते उगाच नाही. जे परतले त्यांच्यासाठी १९१९ मध्ये सरकारने इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन केले. नौदल आणि हवाई दल आल्यावर १९५१ मध्ये त्याचे नाव लांबले आणि १९७५ मध्ये ते 'केंद्रीय सैनिक बोर्ड' झाले. संरक्षण मंत्री त्याचे अध्यक्ष. राज्यात सैनिक कल्याण विभाग, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा सैनिक मंडळ आणि त्याचा सचिव म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी. राज्य विभागाचे मुख्यालय आपल्याकडेच घोरपडीला, राष्ट्रीय युद्धस्मारकासमोर 'रायगड' इमारतीत आहे. हे सगळे सरकारी आहे. खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. इथे सभासदत्व नसते, वर्गणी नसते, निवडणूक नसते.

दुसरी वाट वेगळी. १९२१ मध्ये इंग्लंडात माजी सैनिकांची ब्रिटिश लीजन ही संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी केपटाउनला ब्रिटिश एम्पायर सर्व्हिस लीग स्थापन झाली. दोन्हींमागे पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश सेनापती फील्ड मार्शल हेग होते. ती साम्राज्याची लीग पुढे रॉयल कॉमनवेल्थ एक्स-सर्व्हिसेस लीग झाली आणि आपल्याकडची इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग तिच्याच गोतावळ्यातली. आपल्या लीगची उभारणी १९६४ मध्ये जनरल करिअप्पा यांनी केली. ते तेव्हा निवृत्त होते. फील्ड मार्शल हा किताब त्यांना फार उशिरा, १९८६ मध्ये मिळाला. १४ जानेवारीला जो माजी सैनिक दिन पाळतात तो त्यांच्या १९५३ मधल्या निवृत्तीच्या तारखेवरून. ही स्वयंसेवी संघटना. हुद्दा न पाहता जवान ते जनरल सगळे सभासद, केंद्र, राज्य, जिल्हा, तालुका अशा शाखा, निवडून आलेली कार्यकारिणी. तिच्या बरोबरीने १९७२ मध्ये डॉ. मोहिनी गिरी यांनी उभी केलेली वॉर विडोज असोसिएशन, १९८० ची एअर फोर्स असोसिएशन, नौदलाची नेव्ही फाउंडेशन अशा इतरही अखिल भारतीय संस्था आहेत.

आता खरा फरक. ब्रिटिश लीजनने पहिल्याच वर्षी, १९२१ मध्ये, पॉपीची कृत्रिम फुले विकून निधी उभा केला आणि तो निधी आजही तीच संस्था गोळा करते व तीच वाटते. आपल्याकडे त्याच धर्तीवर झेंड्याचे बिल्ले आले, पण २८ ऑगस्ट १९४९ रोजी हा निर्णय घेतला तो संरक्षण मंत्र्यांच्या समितीने आणि ७ डिसेंबरची ती झोळी पहिल्यापासून सरकारी मंडळाच्या खांद्यावर राहिली. पुढे १९९३ मध्ये वेगवेगळे निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला. पुण्यात दर हिवाळ्यात सरकारी कार्यालयांना 'इष्टांक', म्हणजे निधीचे लक्ष्य, ठरवून दिला जातो, बिल्ले वाटले जातात, रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत वर जाते. म्हणजे आपल्या देशात पैसा मंडळाकडे आणि माणसे संघटनेकडे अशी वाटणी सुरुवातीलाच झाली. लीगच्या हाती मोठा निधी कधी आलाच नाही. अपवाद एकच: १९४७ पूर्वी ब्रिटिश हिंदी सैन्यात चाकरी केलेल्या, पेन्शन नसलेल्या वृद्धांसाठी राष्ट्रकुल लीगकडून येणारी मदत. ती सभासद संघटनेमार्फतच वाटली जाते. ती माणसे आता शंभरीच्या आसपासची आहेत.

हे एकदा ध्यानात घेतले की संघटनेकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, हे आपोआप ठरते. अनुदान मंजूर करणे तिच्या हातात नाही. पेन्शन दुरुस्त करणे नाही. ओळखपत्र देणे नाही. तिची ताकद दोनच ठिकाणी: वर दिल्लीत एकमुखाने बोलणे आणि खाली गावात कागद पूर्ण करून देणे.

वरच्या कामाचे सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे 'समान हुद्दा, समान पेन्शन'. ते लीगचे एकटीचे श्रेय नव्हे. २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंटने २०१५ च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर बैठक मारली आणि इतर संघटना बरोबर आल्या. ५ सप्टेंबर २०१५ ला घोषणा, ७ नोव्हेंबरला आदेश, अंमल १ जुलै २०१४ पासून, दर पाच वर्षांनी फेरआकारणी. ती २०१९ ची झाली, २०२४ ची झाली. सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्च २०२२ ला धोरण कायम ठेवले आणि थकबाकी हप्त्यांनी रेंगाळायला लागली तेव्हा मार्च २०२३ मध्ये कुटुंब पेन्शनधारक आणि शौर्यपदकधारकांना ३० एप्रिलपर्यंत, सत्तरीपुढच्यांना ३० जूनपर्यंत आणि बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन हप्त्यांत पैसे द्या, असे तारखा घालून सांगितले. एवढ्या पातळीचे काम एकट्या माणसाला जमणारे नाही. तिथे संघटनाच लागते. याबद्दल पुरेसे छापून आले आहे, म्हणून इथेच थांबतो.

खालच्या कामाबद्दल मात्र कोणी लिहीत नाही, कारण त्यात फोटो नाही.

पुणे जिल्ह्यात सर्वाधिक अडणारे प्रकरण एकच: जवान वारला आणि कुटुंब पेन्शन सुरू होत नाही. कारण जवळजवळ नेहमी पत्नीचे नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची पद्धत होती. शाळेच्या दाखल्यावर 'कलावती', लग्नानंतर 'सुमन', पलटणीतल्या बाबूने डिस्चार्ज बुकात (सेवेतून मुक्त होताना मिळणाऱ्या पुस्तकात) लिहिले 'सुमनबाई', आधारवर 'सुमन शिवाजी भोसले' आणि बँकेत भोसलेंच्या इंग्रजी अक्षरजुळणीत एक 'ए' कमी. माणूस एकच, संगणकाच्या दृष्टीने चार. त्यात जन्मतारीख. जुन्या पिढीत ती बहुतेक १ जून किंवा १ जानेवारी अशी अंदाजे टाकलेली; डिस्चार्ज बुकात नुसते वर्ष आणि आधारवर तिसरेच काही. पूर्वी बँकेचा माणूस ओळखीचा असे, तो चालवून घेई. आता पेन्शन 'स्पर्श' या प्रणालीतून थेट प्रयागराजच्या प्रधान लेखा नियंत्रक (पेन्शन), म्हणजेच पी. सी. डी. ए. (पी), कार्यालयामार्फत येते आणि तिथे आधारशी न जुळणारे नाव पुढे सरकत नाही.

दुरुस्तीची वाट अशी. माजी सैनिक हयात असताना त्याने स्वतः आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला, अर्ज करायचा. सोबत डिस्चार्ज बुकाच्या सर्व पानांची प्रत (कुटुंबाच्या नोंदीचे पान हमखास राहून जाते), पी. पी. ओ. ची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, दोघांचे आधार व पॅन, विवाह नोंदणी दाखला किंवा तो नसल्यास प्रतिज्ञापत्र, 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र आणि जोडीचा फोटो. हे सगळे जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने पाठवायचे. रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर (सेवेच्या नोंदीत बदल करणारा आदेश) काढते आणि तिच्या आधारे दुरुस्त पी. पी. ओ. निघतो. ही ऑर्डर निघाली नाही तर बाकी सगळे कागद फुकट. म्हणून अर्जाची पोच घेऊन थांबू नये; ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. नवरा गेल्यावर हीच दुरुस्ती करायची तर पत्नीचे प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, जिल्हा कार्यालयाचा पडताळणी अहवाल असे सगळे लागते आणि महिने मोजायची पाळी येते. शाखांनी दर वर्षी सभासदांकडून वर्गणी घेताना फक्त एवढे केले तरी पुरे: डिस्चार्ज बुक, पी. पी. ओ. आणि पत्नीचे आधार शेजारी ठेवून नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहायची. पाच मिनिटांचे काम आहे.

रेकॉर्ड ऑफिस कोणते, यातही गोंधळ होतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, सिग्नलचे जबलपूरला, ई. एम. ई. चे (लष्कराच्या यांत्रिकी दलाचे) सिकंदराबादला. बॉम्बे सॅपर्सवाल्यांचे नशीब चांगले, त्यांचे खडकीतच आहे. नौसैनिकांचे मुंबईत मानखुर्दला. 'आर्मी हेडक्वार्टर, दिल्ली' असा पत्ता टाकून पाठवलेला अर्ज हरवत नाही, पण फिरत राहतो. निमलष्करी दलांतून निवृत्त झालेल्यांनी तर या दाराशी येऊच नये, सी. आर. पी. एफ., बी. एस. एफ. गृह मंत्रालयाकडे येतात, त्यांची कल्याण व्यवस्था स्वतंत्र आहे.

मृत्यूनंतरच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक चूक घडते. पेन्शनच्या खात्यात पुढच्या महिन्याची रक्कम जमा होते आणि मुलगा ए. टी. एम. कार्डाने ती काढतो. ती जादा दिलेली पेन्शन ठरते आणि पुढे आईच्या कुटुंब पेन्शनमधून कापली जाते. त्यामुळे महापालिकेचा मृत्यू दाखला हातात येताच 'स्पर्श'वर किंवा सेवा केंद्रात मृत्यूची नोंद करायची. सोबत पत्नीचे आधार, पॅन, पासबुक. तिचे नाव पी. पी. ओ. मध्ये नीट असेल आणि खाते पती-पत्नीचे संयुक्त असेल तर काम सरळ होते. कुटुंब पेन्शन शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के. निवृत्तीनंतर मृत्यू झाला असेल तर सात वर्षे, किंवा पती ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांतले जे आधी संपेल तोवर वाढीव दर. किमान ९,००० रुपये अधिक महागाई. वाढीव दर संपून रक्कम उतरली की 'पेन्शन कापली' म्हणून तक्रार घेऊन लोक येतात. ती तक्रार नसून नियम आहे आणि शाखेच्या माणसाने हे आधीच सांगून ठेवायला हवे. दुसरे लग्न पहिल्या पत्नीपासून कायदेशीर घटस्फोट न घेता झालेले असेल, तर 'बघू, वर ओळख आहे' म्हणून दिलेला धीर हा निव्वळ खोटेपणा. तिथे ओळख चालत नाही.

हयातीच्या दाखल्याबाबत एकच सांगायचे, पण ते नीट वाचावे. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढताना दोन रकाने येतात: पेन्शन मंजूर करणारे आणि पेन्शन देणारे कार्यालय. लष्कराच्या पेन्शनधारकाने मंजुरीच्या रकान्यात 'डिफेन्स – पी. सी. डी. ए. (पी) अलाहाबाद' निवडायचे आणि देणाऱ्याच्या रकान्यात 'स्पर्श – पी. सी. डी. ए. (पेन्शन्स) अलाहाबाद'. शहराचे नाव बदलले तरी यादीत जुनेच नाव आहे. नाक्यावरचा केंद्रचालक सवयीने दुसऱ्या रकान्यात बँकेचे नाव टाकतो. दाखला निघतो, मोबाइलवर संदेश येतो, सगळे निर्धास्त होतात. दाखला गेलेला असतो बँकेकडे, जिचा पेन्शन देण्याशी आता संबंधच नाही. पुढे पेन्शन थांबते. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहऱ्यावरून पडताळणीची सोय मोबाइलवर आहे. शेतात आणि कारखान्यात राबलेल्या हातांच्या बाबतीत सरळ तीच वापरावी.

पेन्शनच नसलेल्यांचा प्रश्न आणखी अवघड आहे आणि आमच्या मते राष्ट्रीय संघटनेने आज सर्वांत जास्त लक्ष इथे द्यायला हवे. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षे नोकरी लागते. १९६२ नंतरच्या भरतीतले, १९६५ आणि १९७१ ची युद्धे पाहिलेले कित्येक जण सात-आठ, दहा वर्षांत घरी आले. हातात थोडी ग्रॅच्युइटी आणि डिस्चार्ज बुक. त्यांचे वय आता पंचाहत्तरीपुढे. अशा हवालदार व समकक्ष हुद्द्यापर्यंतच्या, ६५ वर्षांवरील, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून पेन्युरी ग्रँट, म्हणजे हलाखीतल्यांसाठीचे अनुदान, मिळते. ती महिना ४,००० होती. १ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना ८,००० रुपये. म्हणजे वर्षाला ९६ हजार. कुठल्याही शाखेने आयुष्यभर घातलेल्या शालींची किंमत एवढी होणार नाही. त्याच वेळी शिक्षणाचे अनुदान दोन मुलांपर्यंत दरमहा प्रत्येकी १,००० चे २,००० झाले आणि मुलीच्या लग्नाचे, दोन मुलींपर्यंत, तसेच विधवेच्या पुनर्विवाहाचे ५० हजारांचे एक लाख. व्यावसायिक पदवीच्या मुलांसाठी वेगळी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे: मुलींना महिना ३,०००, मुलांना २,५००, बारावीला किमान ६० टक्के हवेत आणि अर्ज पहिल्या वर्षातच करायचा. दुसऱ्या वर्षात आठवण होऊन उपयोग नाही.

हे अर्ज बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचे असतात; मग जिल्हा कार्यालय मूळ कागद तपासते, राज्य विभाग शिफारस करतो, दिल्लीत मंजुरी होते आणि रक्कम खात्यात येते. कुठे अडते? लग्नाच्या अनुदानाला १८० दिवसांची मुदत असते आणि आपल्याकडे लग्नाची नोंदणी करायला जातात वर्षभराने, पासपोर्ट किंवा व्हिसा काढायच्या वेळी. विवाह नोंदणी दाखला नाही, म्हणून अर्ज नाही. दाखला येतो तोवर मुदत गेली. लग्नाच्या आठवड्यातच नोंदणी करा, हे मांडवात सांगायची जबाबदारी शाखेने घ्यावी, हवे तर आहेर म्हणून. शिक्षण अनुदानात खाते मुलाच्या नावाचे दिले जाते. ते अर्जदाराचेच लागते. बँकांची विलीनीकरणे झाल्यापासून जुन्या पासबुकावरचा आय. एफ. एस. सी. चुकीचा असतो आणि मंजूर रक्कम परत जाते. स्कॅन केलेल्या प्रती मोबाइलने तिरक्या काढलेल्या, डिस्चार्ज बुकावरचा सैन्य क्रमांक न वाचता येणारा. असे अर्ज निरीक्षण नोंदवून परत येतात, संदेश येतो ज्या नंबरवर तो नंबर केंद्रचालकाचा, आणि अर्जदार गावात वाट पाहत बसतो. कृपया मोबाइल नंबर स्वतःचा किंवा घरातल्याचाच द्यावा.

सरकारच्या व्याख्येबद्दल दोन ओळी. १ जुलै १९८७ नंतर जो जवान पेन्शनला पात्र होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून घरी आला, तो सरकारी लेखी 'माजी सैनिक' नाही. त्याने गणवेश घातला होता, हे कोणी नाकारत नाही. पण शासकीय नोकरीतले १५ टक्के समांतर आरक्षण, ओळखपत्र, २०२० पासूनची घरपट्टी माफी यांतले काहीच त्याला लागू होत नाही. काही शाखा अशांना सभासद करून 'कार्ड मिळवून देतो' असे सांगतात. सभासदत्व देणे चांगलेच, आश्वासन देणे वाईट. आणि घरपट्टीची माफी पात्र माणसालाही एकाच निवासी मिळकतीवर मिळते. घर मुलाच्या नावावर केले असेल तर अर्ज कशाच्या जोरावर करणार?

आता शाखांची स्वतःची घडी. पुण्यात माजी सैनिकांच्या संस्था भरपूर. कोपऱ्याकोपऱ्यावर फलक दिसतो. वर्गणी देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नोंदणी क्रमांक कोणता, मागच्या आर्थिक वर्षाचे लेखापरीक्षण ३० सप्टेंबरपर्यंत धर्मादाय कार्यालयात दाखल झाले का आणि सध्याच्या कार्यकारिणीचा बदल अर्ज मंजूर आहे का. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. निवडणूक झाली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो दिला जात नाही, किंवा हरलेला गट हरकत घेतो. मग कायदेशीर नोंदीत जुनी समिती, प्रत्यक्षात नवी, बँक खाते गोठलेले आणि एकाच नावाची दोन लेटरहेडे जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर. अधिकारी दोन्ही बाजूला सारतो, त्याचे काय चुकले? बटालियनचे हिशेब चोख ठेवणारी माणसे संस्थेच्या इतिवृत्ताकडे दुर्लक्ष करतात, हे आम्हाला आजवर उलगडलेले नाही.

'थकबाकी आणून देतो, दहा टक्के द्या' म्हणणारा कोणीही असो, टोपीवर कोणताही बिल्ला असो, त्याला दारातूनच परत पाठवावे. १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या कलम १२ नुसार पेन्शनचे पैसे आगाऊ दुसऱ्याच्या नावे लिहून देणारा करार मुळातच रद्दबातल आहे. तक्रारीसाठी संरक्षण मंत्रालयाचे पेन्शन तक्रार पोर्टल जानेवारी २०२१ पासून फुकट उपलब्ध आहे. अपंगत्व पेन्शनचा वाद असेल तर अपिले संपल्यावर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, आपल्यासाठी त्याचे मुंबई खंडपीठ.

आमची मागणी मोठी नाही. लीग असो वा दुसरी कोणती संघटना, प्रत्येक तालुका शाखेने आठवड्याचा एक ठरलेला वार, एक टेबल, एक स्कॅनर आणि एक नोंदवही एवढे ठेवावे. नोंदवहीत अर्जदाराचा सैन्य क्रमांक, रेकॉर्ड ऑफिस, अर्जाची तारीख, पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि शेवटची मुदत हे रकाने असावेत. जिल्हा कार्यालयात कर्मचारी मोजके असतात; पूर्ण भरलेला, ताडून पाहिलेला अर्ज त्यांच्यापुढे गेला तर तो निकाली निघतो, आणि अर्धा अर्ज कितीही मोठ्या पदाधिकाऱ्याच्या पत्रासह गेला तरी परतच येतो. बाजार समितीत बसणारा, संगणक येणारा एखादा निवृत्त क्लार्क हवालदार या कामाला दहा भाषणबाजांपेक्षा उपयोगी.

याला आता घाई आहे ती अग्निवीरांमुळे. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या. चार वर्षे धरली तर २०२६ च्या शेवटापासून ही मुले गावी येऊ लागतात. जास्तीत जास्त २५ टक्के नियमित सेवेत राहतील. २०२२ च्या अटींप्रमाणे त्यांना सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी मिळेल. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ई. सी. एच. एस. (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही आणि 'माजी सैनिक' हा दर्जाही नाही. म्हणजे सैनिक मंडळाच्या दारात त्यांना उभे राहायला जागा नाही. संघटनेच्या दारात मात्र असू शकते, कारण सभासद कोणाला करायचे हे सरकारची व्याख्या ठरवत नाही, संघटनेची घटना ठरवते. त्यासाठी घटनेतले सभासदत्वाचे कलम बदलावे लागेल: कार्यकारिणीचा ठराव, घटनेत सांगितलेल्या मुदतीची नोटीस देऊन विशेष सर्वसाधारण सभा, ठरलेल्या बहुमताने मंजुरी आणि मग धर्मादाय कार्यालयात दुरुस्तीची नोंद. ज्या शाखांचे बदल अर्ज प्रलंबित आहेत त्यांच्या या सभेवरच हरकत येऊ शकते. त्यांनी आधी ते निकाली काढावेत. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे दोन्ही विषय याच क्रमाने घ्यावेत.

आपले,
पुण्यातील काही माजी सैनिक व निवृत्त अभिलेख कर्मचारी